केशोरीच्या रस्त्यावर हत्ती नव्हता

जानेवारीच्या शेवटी मी चार दिवसांची रजा टाकली आणि ऑफिसात सांगितलं की बहिणीकडे चाललेय. ते खरंच होतं. सॅकमध्ये आधी धावायचे बूट गेले, मग कपडे, मग ताईसाठी घेतलेली संत्र्याची बर्फी. गोळ्यांची डबी मात्र मी मुद्दाम कपाटात ठेवली. हे कुणालाच सांगितलं नाही.

या ब्लॉगवर नवे असाल तर थोडक्यात सांगते. मी ज्योती, वय अडतीस, नागपुरात एकटी राहते, एका खासगी ऑफिसात नकाशे काढते. दोन वर्षांपासून नैराश्य आणि चिंता या दोन्हींवर माझा उपचार चालू आहे. नैराश्य म्हणजे सतत रडणं असं लोकांना वाटतं. माझं नैराश्य म्हणजे आठ-आठ दिवस केस न धुणं आणि दूधवाल्याने टाकलेली पिशवी दारातच नासणं. चिंता म्हणजे फोन वाजला की तो उशीखाली दाबणं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, बोलण्याची सत्रं झाली, आणि त्यांच्याच सांगण्यावरून मी चालायला लागले. चालण्याचं धावणं झालं. आता आठवड्यातून तीनदा दहा किलोमीटर होतात.

आणि नेमकं तिथंच माझं डोकं फिरलं. दहा किलोमीटर धावणाऱ्या बाईला गोळी कशाला हवी, असं वाटायला लागलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की मनाने बंद करायची नाही. मी निघायच्या चार दिवस आधी मनानेच बंद केली. तीन ठिकाणी तीन धावा काढायच्या, ठणठणीत परत यायचं आणि डॉक्टरांना सांगायचं, मॅडम, संपलं. एवढ्यासाठी ही सहल होती. बाकी डोंगर, गुहा, तलाव हे सगळं नंतर सुचलेलं.

नागपूरहून गोंदिया गाडीने दोन-अडीच तास. संध्याकाळी पोचले आणि स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरले. खोली साधी, चादर स्वच्छ, गरम पाणी सहा ते आठ. सकाळी बूट घालून खाली आले तर मॅनेजरने पेपर बाजूला ठेवला.

"मॅडम, इतनी सुबह? कोई इमर्जेंसी है क्या?"

"नाही, धावायला चाललेय."

"अच्छा, अच्छा. पुलिस भरती?"

या वयात पोलीस भरतीचा मान मिळाला म्हणून मी खूश झाले. इकडे पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी दिसतात, ती भरतीच्या तयारीचीच. बाकी कुणी उगाच धावत नाही.

मी धावत मुर्रीला गेले, हे गाव शहराच्या कडेलाच आहे. आमचं लहानपण तिथं गेलं, आता तिथं आमचं कुणी नाही. शेतं होती तिथं दुमजली घरं उभी आहेत, पण गाव संपलं की अजून बांध्या, म्हणजे भाताची खाचरं लागतात, धान कापून झालेली, आणि त्यात लाखोळी डाळीचं हिरवं पीक. धुकं होतं. सायकलवर दुधाचे कॅन लावलेले एक काका माझ्या बरोबरीने चालवू लागले.

"का झाला जी बाई? कोठी जाऊन राहिल्या? बसा मांगं, सोडून देतो."

"काही नाही काका, अशीच धावतेय."

"अशीच काऊन?"

"वजन कमी करायला."

त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वजन त दिसत नाही कोठी," म्हणाले आणि पुढे निघून गेले. आठ किलोमीटर झाले, श्वास छान लयीत आला होता, आणि मी मनात डॉक्टरांशी वाद घालून तो जिंकलेही होते. येताना स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्रीत हरभरे सढळ हाताने घालतात, एका प्लेटीत दुपारपर्यंतची सोय होते.

त्याच दिवशी डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीने सालेकसा गाठलं आणि तिथून ऑटो करून कचारगडच्या पायथ्याचं धनेगाव. ऑटो जाण्यायेण्याचाच ठरवा, परतीला वाहन मिळेलच असं नाही. कचारगडच्या गुहा या गोंडी समाजाचं मोठं श्रद्धास्थान. माघी पौर्णिमेला इथं पाय ठेवायला जागा नसते. मी गेले तेव्हा वाट रिकामी होती. वाट दाखवायला गावातले मडावी काका सोबत आले, साठीचे असतील. मला चढ धावत चढायचा होता. ते म्हणाले, "इथं आमचे पुरखे राहातात बाई. त्यायच्या घरी धावत नाही जात." मग मी गुपचूप चालले.

मोठी गुहा खरोखर मोठी आहे. छताला भोक आहे, त्यातून उजेड खाली पडतो. बूट काढून मी आत गेले, मान वर केली, आणि डोक्यात वीज लागल्यासारखा एक झटका आला. मग दुसरा. जमीन सरकल्यासारखी झाली, हातपाय गार पडले, आणि छातीत धडधड सुरू झाली. मला ही धडधड ओळखीची आहे. गेलं वर्षभर ती आली नव्हती.

काका समोर बसले, पाण्याची बाटली दिली. "बसा. इथं कोनाले घाई नसते." मग म्हणाले, "गोली-बिली चालू आहे का काही?"

"नाही," मी म्हणाले. "उपाशी आहे, म्हणून असेल."

सकाळी प्लेटभर तर्री-पोहे खाल्लेली बाई हे सांगत होती. उतरताना ते सगळ्या वाटेवर माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिले, आणि मला तोल सावरायला दोनदा त्यांचा खांदा धरावा लागला. लॉजवर झोप आली नाही. झटके येतच होते. तरी मी स्वतःला सांगितलं की हा चढाचा थकवा आहे.

पुढच्या दिवशी बल्लारशा लाइनच्या गाडीने अर्जुनी मोरगाव, तिथून बसने केशोरी. हा पट्टा पाहायचा असेल तर खिडकीची जागा धरा. तलाव, धानाच्या बांध्या, मग जंगल, पुन्हा तलाव. केशोरीच्या मिरचीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. या दिवसांत अंगणाअंगणात ती लाल पसरलेली असते आणि बसमधून उतरतानाच माणूस शिंकतो.

नंदाताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला माझ्या आजाराचं काहीच माहीत नव्हतं. दोन वर्षं मी फोनवर "कामाचा ताण आहे" एवढंच सांगत आले होते. आई गेल्यावर ती माझी आई झाली आहे आणि आईला त्रास द्यायचा नाही, हे माझं शहाणपण. रात्री भात, लाखोळीची भाजी आणि तलावातल्या माशांचा रस्सा. भाऊजींनी ताटात वाढलेलं मी निम्मं ठेवलं.

सकाळी ताईने उठल्या उठल्या साखरेच्या डब्यामागून एक पट्टी काढली, एक गोळी पाण्याबरोबर घेतली आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं.

"थायराइडची. आता अर्धा तास चहा नाही," म्हणाली. "मी बांधीत जातो, रोवणा आहे. तू झोप आरामात."

मी त्या पट्टीवरून नजर काढून घेतली. ती गेल्यावर बूट चढवले.

गावाबाहेरचा रस्ता सरळ जंगलाच्या बाजूला जातो. पहिला किलोमीटर बरा गेला. मग तीच धडधड. मला वाटलं, जोरात धावलं तर मागे पडेल. मी वेग वाढवला, तिनेही वाढवला. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तोंड उघडं, ओढणी कुठे गेली ठाऊक नाही. रस्त्याच्या कडेला बाया उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करत होत्या. परे म्हणजे धानाची कोवळी रोपं, त्यांच्या पेंढ्या हातात घेऊन सगळ्या वाकलेल्या. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

मागून आरडाओरडा ऐकू आला. वळून पाहिलं तर दहा-बारा बाया गुडघ्यापर्यंतच्या चिखलानिशी, लुगडी वर खोचून, माझ्या मागे जीव घेऊन धावत येत होत्या.

"आला का वो? कोनीकडं आहे?" सगळ्यांत पुढची ओरडली.

"कोण?"

"हत्ती!"

मागे या भागात रानटी हत्तींचा कळप येऊन गेला होता. तेव्हापासून जंगलाच्या बाजूने कुणी धावत आलं की विचारत बसायचं नाही, हातातलं टाकायचं आणि सुटायचं, हा इथला रिवाज झाला आहे. पण मी जंगलाच्या बाजूने येत नव्हते, जंगलाकडेच धावत होते. माझा चेहरा पाहून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यात त्यांची काही चूक नाही.

"हत्ती नाही," मी म्हणाले. "मी... अशीच धावतेय."

"अशीच?" ती बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचं नाव फुलवंता, हे नंतर कळलं. "अशी कोन धावते? आमचे परे वाहून गेले ना बांधीत!"

मला हसायचं होतं, माफी मागायची होती. त्याऐवजी मी रस्त्याकडेच्या मोरीवर मटकन बसले आणि श्वास घेता येईना. फुलवंताने ओरडणं थांबवलं आणि पदराने वारा घालायला लागली. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली, चिखलाने माखलेली, एका पायात चप्पल नाही. ती ताई होती. मी तिच्याच बांधीवरून धावत गेले होते.

"ज्योती, का झाला? काऊन धावून राहिली होती तू?"

वजन, भरती, उपाशीपोट, सगळी उत्तरं संपली होती. मी तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं. दोन वर्षांचा आजार, गोळ्या, धावणं, आणि आठ दिवसांपूर्वी बंद केलेली गोळी. सांगताना मी रडले. ताईचे चिखलाचे हात माझ्या गालांवर होते आणि तिचेही डोळे भरले होते. मग ते पुसून तिने मला झापलं.

"दिवसभर वाकून रोवणा करतो मी. चिखलात. मेहनत कमी आहे का? त का थायराइडची गोली सोडली मी? नऊ वर्षं झाले. तू दहा किलोमीटर धावली त डाक्टर झाली का?"

दोन वर्षांत मला ही गोष्ट इतक्या थोडक्यात कुणी सांगितली नव्हती.

"आन मले सांगितला काऊन नाही?" हे मात्र ती हळू आवाजात म्हणाली. "मी का परकी आहे?" मला लाज वाटली, आणि खूप हलकंही वाटलं.

मोरीवरूनच डॉक्टरांना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत. किती दिवस झाले, काय काय होतंय ते विचारलं, हे झटके गोळी एकदम बंद केल्याचेच आहेत म्हणाल्या आणि काय करायचं ते सांगितलं. ते माझ्यासाठी होतं, म्हणून इथं लिहीत नाही. तुमची गोळी असेल तर तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला नाही, आणि दहा किलोमीटरला तर मुळीच नाही.

बायांचा अर्धा तास माझ्यामुळे गेला होता, म्हणून श्वास जागेवर आल्यावर मीही बांधीत उतरले. ताई नको म्हणत होती. मी एक ओळ रोवली. फुलवंताने ती पाहिली, उपटली आणि पुन्हा सरळ रोवली.

दुपारी भाऊजींनी मोटारसायकलवरून अर्जुनीला नेलं. पहिल्या मेडिकलमध्ये ती गोळी नव्हती, दुसऱ्यात मिळाली. दुकानदाराने डॉक्टरांनी मोबाइलवर पाठवलेली चिठ्ठी वाचली आणि भाऊजींकडे पाहत विचारलं, "कोनासाठी आहे?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. भाऊजी बिस्किटांच्या बरण्या पाहत होते.

दुसऱ्या दिवशी ताईसोबत चहाच्या आधी मीही माझी गोळी घेतली. मग तिने पाच किलो तांदूळ आणि मिरच्यांची पिशवी बांधून दिली आणि मी परत निघाले. झटके पूर्ण थांबायला आणखी काही दिवस लागले.

आता या सहलीचं काय उरलं ते सांगते. तीन धावांपैकी मुर्रीची एकच नीट झाली. कचारगडला पुन्हा जायचं आहे, मडावी काकांच्या चालीने. मिरची जपून वापरा, माझ्या घरात ठेचा आता पाव चमचा पुरतो. मी अजूनही आठवड्यातून तीनदा धावते. गोळी कधी कमी करायची ते डॉक्टर आणि मी मिळून ठरवणार आहोत, आणि ते या वर्षी नसलं तरी चालेल.

रोज सकाळी सहाला ताईचा फोन येतो. "मी घेतली. तुह्यी?" एवढंच विचारते. मी "घेतली" म्हणते आणि बूट घालते.

गेल्या आठवड्यात मात्र तिने फोन ठेवला नाही (पुढचं फुलवंताला विचारूनच लिहितेय). म्हणाली, "फुलवंता आली होती काल. एकटीच. तिचा पोरगा गेल्यापासून तिले झोप नाही, कोनाशी बोलावा नाही वाटत. तुह्या डाक्टरचा नाव विचारत होती. कोनाले सांगू नको म्हणे. सांगू का तिले?"

मी म्हटलं, सांग. आणि नागपूरला यायची गरज नाही, गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात या आजाराचे डॉक्टर बसतात. पहिल्या दिवशी तू तिच्याबरोबर जा.