नागपूरचं उत्तर

"काशी" अशी हाक मारली तर त्याची बैलबंडी थांबत नसे. "नाव पुरं घ्या. अर्ध्या नावानं माह्ये बैलबी वळत नाही," असं काशीनाथ म्हणायचा. बाईच्या देहात जन्मलेला हा माणूस धोतर नेसून, फेटा बांधून दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये कापूस आणी. लोक मागून हसत. मीही हसत असे.

साठ साल उजाडायचं होतं. मी तिथल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. छातीवर घामोळ्या चिघळल्या म्हणून तो आला, तेव्हा सदऱ्याखाली करकचून बांधलेली कापडाची पट्टी दिसली. एवढ्या उन्हात हे कशाला, असं मी विचारलं.

"सोडलं का लोकं मले काशी म्हणतेत," तो म्हणाला. मग हळूच, "पेपरात आलतं म्हणे, परदेशात आपरेशन करून बाईचा माणूस केला. इकडं होते काय, इचारता काय बापू? होत असन तं तुमीच चला संगं."

मी नागपूरच्या एका सर्जनना पत्र लिहिलं. उत्तर आलं: छाती काढता येईल, पुढचं वचन देत नाही; जबाबदार माणसासोबत पाठवा, तपासून सांगू.

जबाबदार माणूस म्हणजे मी. बायकांच्या वॉर्डाबाहेर त्याच्याशेजारी बसलोय आणि कुणी ओळखीचं समोरून येतंय, एवढंच मला दिसू लागलं. बाजाराच्या दिवशी त्याला सांगून टाकलं, "नाही म्हणतात."

तो बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "जाऊ द्या. तुमी इचारलं तं. माह्यासाठी कोन इचारते?"

त्यानंतर दर हिवाळ्यात तो आमच्याकडे तुरीच्या शेंगा आणून टाकी. बायको उकडायची, मी खायचो. खरं सांगायला मला सात हिवाळे मिळाले. मी सांगितलं नाही, याची आजही लाज वाटते.

तापानं तो गेला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ मला न्यायला आला. आंघोळ घालायला बाया जमल्या होत्या, लुगडंही आणलेलं होतं. भावानं त्यांना थांबवलं.

"सांगून गेला तो," भाऊ मला म्हणाला. "बायांच्या हाती देऊ नका म्हने. बापूनं माह्यासाठी नागपूरले लिवलं होतं, त्यायच्याच हातानं धोतर नेसवा."

मी दार लावून घेतलं. पट्टी सोडली. तिचे वळ बरगड्यांवर कायमचे उमटले होते. आंघोळ घालून मी ती पुन्हा तशीच बांधली आणि त्याला धोतर नेसवलं.

बाहेर आलो, तर भावानं माझे पाय धरले. मी धरू दिले.