हरवलेलं मेंढरू

नातीच्या ओल्या स्वेटरचा वास आला आणि लहानपणीचं, खमरियातलं चर्चचं अंगण आठवलं. आई वारल्याला थोडेच दिवस झाले होते. संडे स्कूलच्या मार्थादीदींनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली, आमच्या पाठीवर लोकरीच्या शाली बांधल्या आणि आम्हाला लपायला लावलं. आम्ही मेंढरं, त्या मेंढपाळ.

बाकीची मुलं सापडली. मी मात्र पेरूच्या झाडामागून हललेच नाही. दीदी हाका मारत फिरत राहिल्या. शेवटी सापडल्यावर म्हणाल्या, "काहून नाही आली गं बाहेर?"

"तुम्ही मला शोधून राहिल्या होत्या ना, बरं वाटत होतं."

त्यांनी मला खांद्यावर घेतलं. त्या घामाने भिजल्या होत्या, धापा टाकत होत्या. देव असाच असणार, असं तेव्हा वाटलं.

अजूनही प्रार्थनेला डोळे मिटले की वाटतं, कुणीतरी माझं नाव घेऊन हाका मारत यावं.