मामांची न संपणारी बॅटरी

अख्ख्या हैदराबादेत बॅटरीला पोटच्या पोरासारखं जपणारा माणूस एकच, आणि ते नेमके माझे मामा! सिकंदराबादला रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची हयात गेली. बॅटरी बसली की गाड्या खोळंबतात, ही धास्ती त्यांनी निवृत्तीनंतर मलकपेठच्या घरीही आणली. रिमोटचे सेल ते गच्चीत कुरडयांच्या शेजारी उन्हात ठेवत. व्हिडिओ कॉलला तर घरात बंदीच. "कायकू पाहिजे? आवाज येतो ना, बस झालं!" दिवे गेले की अंधारात स्वतः ठेचकाळत, पण टॉर्च लावत नसत.

अशा माणसाला परदेशातल्या मुलीने, म्हणजे आमच्या मीनाने, भिंतीवर लावायची ई-पेपरची, म्हणजे कागदासारख्या पडद्याची, फोटोची चौकट पाठवली. वायर नाही, झगझगाट नाही. मीना तिकडून फोटो पाठवणार आणि तो इथे कागदावर छापल्यासारखा उमटणार. पहिलाच फोटो आला नातीचा, पाळण्यातला, बोळकं पसरून हसणारा. मामा विरघळलेच. पण मग त्यांनी माहितीपुस्तक वाचलं आणि घात झाला. चित्र नुसतं दिसायला बॅटरी लागत नाही, बदलायला लागते! लगेच मीनाला फोन गेला, "बेटा, आता फोटो नक्को पाठवू. हाच छान आहे."

मीना हिरमुसली. मामा मात्र येईल त्याला चौकट दाखवायचे. "दोन वर्षं होत आली मियाँ, एकदाही चार्ज नाही!" मामी स्वयंपाकघरातून ओरडायची, "बॅटरी म्हणजे काय लोणचं आहे, मुरत ठेवायला?"

यंदाच्या दिवाळीला मीना आली. नात दुडूदुडू घरभर फिरली, चौकटीपुढे थांबली आणि म्हणाली, "आजोबा, हे बाळ कुणाचं?"

"अगं, तूच ती," म्हणत मामांनी तिला उचलून घेतलं, पण पोरीने मान हलवून साफ नाही म्हटलं. त्या दिवशी मामा नीट जेवले नाहीत. संध्याकाळी मीनाजवळ जाऊन म्हणाले, "रोज पाठव गं. चुकलंच माझं."

गेल्या रविवारी मी गेलो, तर चौकट स्टुलावर वायर लावून निजवलेली आणि शेजारी मामा बसलेले. "हळू बोल, जेवतेय ती." मग चष्मा काढून डोळे पुसले आणि छाती फुगवून मला म्हणाले, "तीन आठवड्यांत संपली रे! पार संपली!"