निशाण्याकडे पाठ

उजवा डोळा अधू झाला आणि माझी एअर रायफलची कारकीर्द नव्वदच्या दशकातच संपली. रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. विरारला फुलपाड्यात एक हॉल मिळवला आणि मुलींना नेमबाजी शिकवायला लागले. वेळेवर येणं, बॅग स्वतः तपासणं, रायफल पुसून ठेवणं, सगळं कडक. डोंगरावरच्या जीवदानी आईच्या देवळात उभी राहिले तरी मी प्रार्थना कमी आणि सूचनाच जास्त करायचे.

काही वर्षांनी राज्य स्पर्धेसाठी वसईत निवड चाचणी होती. संघात एकच जागा उरलेली, आणि नेमका त्याच दिवशी माझ्या सगळ्यात गुणी मुलीचा नेम ढळला. यंदा निवड झाली नाही तर खेळ बंद, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं.

नेमबाज रेषेवर उभी राहिली की प्रशिक्षकाला बोलता येत नाही. मी मागे बसून डाव्या डोळ्याने दुर्बिणीतून तिचं निशाण्याचं कार्ड बघत होते. प्रत्येक छर्ऱ्यानंतर ती मान वळवून माझ्याकडे बघे. मी मनात देवीला सांगत होते, हात स्थिर ठेव, घाई करू देऊ नकोस, छर्रा मधल्या दहावर बसव. छर्रे भरकटतच होते.

शेजारी भुईगावच्या एक बाई बसल्या होत्या. गळ्यात क्रूस, मांडीवर डबा. त्या कानाशी आल्या. "अगो बाय, पोर निशान बघते का तुजं तोंड? ते बघून माजाच हात थरथराय लागला!"

"मी कोच आहे तिची."

"मंग कोचसारखी बाहेर चल. केळी खा."

का कोण जाणे, मी उठले. बाहेर कट्ट्यावर त्यांच्याशेजारी हॉलकडे पाठ करून बसले आणि माझ्या सूचनाच संपल्या. "आई, आता तूच बघ," एवढंच मनात आलं. डोळे भरून आले. असं रिकामं मी कधी झाले नव्हते.

जरा वेळाने मी विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"माजी पोर. तुजीच्या बाजूलाच हाय. त्याच जागेसाठी."

मी हातातलं केळं खाली ठेवलं. "मग मला का उठवलंत?"

"तुजी पोर रडवेली होऊन हरली नि माजी जिकली, तर मी देवाला काय तोंड दाखवू?"

आम्ही परतलो तेव्हा माझी विद्यार्थिनी मागे वळायची थांबली होती. निवड तिचीच झाली, अगदी थोडक्यात. नंतर म्हणाली, "मॅडम, तुम्ही उठून गेलात ना, तेव्हा वाटलं, माझं ठीक चाललं असणार. नाहीतर तुम्ही हलला नसता."

हा चमत्कार की योगायोग, याच्या खोलात मी शिरले नाही. त्या बाईंच्या लेकीला मात्र तिथल्या तिथे सांगितलं, रविवारपासून आमच्याकडे सरावाला ये. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहू लागल्या. आजही मी रायफलींचे स्क्रू आवळते, चुका काढते, ओरडते. पहिला छर्रा सुटला की मात्र पुढचं आईकडे सोपवते.