राहीबाईंनी मांडलेली हत्यारं

मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात राहीबाईंनी एकतीस वर्षं एकच काम केलं. ऑपरेशनच्या आधी पांढऱ्या कापडावर हत्यारं मांडायची आणि नंतर मोजून उचलायची. त्या डॉक्टर नव्हत्या की नर्स नव्हत्या; रजिस्टरात नावापुढं नुसतं 'आया' लिहिलेलं. पण मोठमोठे सर्जनसुद्धा आत आले की आधी राहीबाईंच्या कापडाकडं बघायचे. कारण त्या कापडावर जे मांडलेलं असे, ते लागायचंच.

हे मी कौतुकानं सांगत नाही. एकदा साध्या हर्नियाला त्यांनी चार चिमटे जास्त मांडले. एका नव्या डॉक्टरानं सगळ्यांदेखत त्यांना फैलावर घेतलं. दहा मिनिटांत रक्ताची धार लागली आणि चारही चिमटे कामी आले. तेव्हापासून ते डॉक्टर त्यांना अहो-जाहो करायला लागले. कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "म्या न्हाई मांडत. हात मांडत्यात." ऐकणारे हसायचे, राहीबाई हसत नसत. एका बाळंतिणीच्या वेळी त्यांच्या हातांनी सगळ्यात शेवटी हातभर कोरं कापड आणून ठेवलं होतं. बाळ चांगलं खणखणीत रडत जन्माला आलं. पण सूर्य मावळायच्या आत ते कापड लागलं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. स्वतःच्या हातांची भीती मात्र त्या दिवसापासून बसली ती बसलीच. निवृत्त झाल्या तेव्हा दवाखाना रडला आणि या एकट्या सुटल्यासारख्या घरी आल्या. मोडीत निघालेली चार-दोन हत्यारं आठवण म्हणून मिळाली होती, ती ट्रंकेच्या तळाशी गेली.

शहात्तर सालच्या जानेवारीत त्यांच्या मुलाला, आकारामला, घड्याळाचं वेड लागलं. तो आधी फौजेत ड्रायव्हर होता, नुकताच सुटून घरी आला होता. ज्या मेजरसाहेबांची गाडी त्यानं नऊ वर्षं हाकली, ते आता साताऱ्याला राहत. त्यांनी निरोपाला आपल्या मनगटावरचं स्विस घड्याळ काढून त्याच्या हातात ठेवलं होतं. सोन्याचा मुलामा, दुधासारखी तबकडी. पट्टा तेवढा घामानं कुजलेला. सांगलीत त्यानं नवा पट्टा घेतला. दुकानदार म्हणाला, घड्याळ ठेवून जा, उद्या बसवून देतो. आकाराम पट्टा खिशात कोंबून जो सुटला तो थेट घरी. घड्याळ ठेवून घेतात आणि आतलं मशीन बदलतात, असं फौजेत कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं.

"आये, तूच बसव. तुझा हात हलका हाय. आज गुऱ्हाळावर घालून जाणार हाय मी."

"उसाच्या रसात बुडवायला व्हय?"

"बघू दे की लोकान्ला!"

हंगामापुरता आकाराम कृष्णाकाठच्या एका गुऱ्हाळावर घाण्यात ऊस घालत होता. घाणा इंजिनावर चालायचा. फिरत्या लोखंडी रुळांच्या, म्हणजे लाटांच्या, तोंडाशी बसायचं आणि दोन्ही हातांनी ऊस आत सारत राहायचं. त्याची पाळी दुपारी चारला लागायची.

राहीबाई दारातल्या उन्हात बसल्या. पट्टा घड्याळाच्या दोन कानांमध्ये एका बारीक काडीवर अडकवलेला असतो. काडीच्या पोटात स्प्रिंग. टोक आत दाबलं की ती सुटते आणि जपलं नाही तर उडते. आकारामनं सुरी आणली.

"घसरली तर सोन्यावर वरखडा, न्हाईतर माझ्या अंगठ्यात," म्हणून त्यांनी ती परत पाठवली. दाभण जाड पडलं. सुई इतकी टोकदार की ती चामड्यातच शिरायला लागली. शिलाई मशीनचा पेचकस रुंद. शेवटी त्यांनी ट्रंक उघडून एक सळई काढली, जखम किती खोल आहे ते बघायची.

"टोक बारीक पायजे, बोथट पायजे आनि वाकाय नगं," त्या म्हणाल्या. सोन्यावर ओरखडा उठू नये म्हणून त्यांनी दोन्ही कानांवर चिकटपट्टीचे तुकडे लावले. काडी उडालीच तर आतच पडावी म्हणून खाली उभ्या काठाचं एनॅमलचं ताट घेतलं. कापड अंथरलं. हातांना बऱ्याच दिवसांनी काम मिळालं होतं, जीव रमला. आकाराम साहेबांच्या गोष्टी सांगत होता आणि त्या हूं हूं करत एकेक वस्तू मांडत होत्या.

मांडून झाल्यावर त्यांनी कापडाकडं पाहिलं.

सळई होती, बारीक चिमटा होता. त्यापुढं रबराची नळी. तिच्यापुढं दोन मोठे चिमटे, कापूस, जाड दोरा, बँडेज. आणि शेवटी, कापडाच्या काठाशी नीट सरळ ठेवलेलं, लोखंड कापायच्या करवतीचं पातं. ते आकारामच्या पेटीतलं होतं. आपण उठून ते कधी आणलं, हे त्यांना काही केल्या आठवेना. पट्टा बदलायला करवत कशाला? अशी मांडणी त्यांनी दवाखान्यात कितीतरी वेळा केली होती. ती हात कापायची मांडणी होती.

त्यांनी मान वर केली. समोर आकारामचा डावा हात त्याच्या मांडीवर निवांत पडला होता. घड्याळ त्याच हातात जायचं होतं.

"आकाराम, आज जाऊ नगंस."

"का गं?"

"हातांनी काय मांडलंय बघ की."

त्यानं बघितलं आणि तो खो खो हसला. "आये, पेन्शन लागली तरी दवाखाना सुटंना तुझा!"

तेवढ्यात दारात सायकलची घंटी वाजली. गल्लीतला बाळासो. त्याच गुऱ्हाळावर तो चुलवाणाला जाळ घालायचा. दोघं रोज बरोबर जात. "चल रं गड्या, साडेतीन झालं. आनि मावशी, ह्ये कसलं दुकान मांडलंय?"

नव्या पट्ट्याची एक बाजू राहीबाईंनी झटक्यात बसवली. दुसरी काडी चिमट्यात धरून त्यांनी घड्याळ ताटाबाहेर घेतलं, काडी मुठीत लपवली आणि ओरडल्या, "उडाली!" खोटं बोलायची सवय नसल्यानं आवाज चिरकला आणि त्यामुळंच तो खरा वाटला. "कुनी पाय उचलू नगा. पायाखाली गेली तर संपलं. असली काडी फुडं कुटं मिळायची न्हाई."

आकाराम लगेच गुडघ्यांवर आला. "बाळासो, तू हो म्होरं. मी येस्तवर माझी जागा धर."

"धरतो की. त्यात काय!" म्हणून बाळासोनं सायकलवर टांग मारली.

राहीबाईंनी हे ऐकलं. अगदी नीट ऐकलं. पण त्यांना त्या वेळी आपल्या पोराच्या हातापलीकडं काही दिसत नव्हतं. तो हात धडधाकट फरशीवरून फिरत होता, कोपरे चाचपत होता आणि त्या मूठ आवळून बघत बसल्या होत्या. चार वाजले. साडेचार वाजले. इतकं सुख त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पाचच्या सुमाराला दारात बैलगाडी थांबली. दवाखाना लांब, म्हणून लोकांनी वाटेत आधी राहीबाईंचं दार गाठलं होतं. गाडीत बाळासो होता. त्याचा डावा हात कुणाच्या तरी धोतरात गुंडाळला होता आणि ते धोतर पांढरं राहिलं नव्हतं. नव्या माणसाला लाटांचा अंदाज आला नाही, उसाबरोबर हात आत गेला.

राहीबाईंना काही शोधावं लागलं नाही. नळी हाताशी, चिमटे हाताशी, कापूस हाताशी. नळी त्यांनी दंडावर आवळली, तुटलेल्या शिरा चिमट्यात धरल्या आणि तशाच गाडीत बसून दवाखान्यापर्यंत गेल्या. सर्जन म्हणाले, तुम्ही नसता तर पोरगा वाटेतच गेला असता. मनगटाच्या वर चार बोटांवर हात कापावा लागला. बाळासोची आई भामाबाई भर व्हरांड्यात राहीबाईंच्या पाया पडली. राहीबाई मागं सरकल्या, पण भामाबाईनं पाय घट्ट धरले होते.

पुढं दोन महिने राहीबाई रोज त्यांच्या घरी जाऊन पट्टी बदलत होत्या. गल्ली त्यांचं नाव काढत होती. त्यांना जेवण जात नव्हतं. शेवटी एका सकाळी भामाबाई पाण्याला गेलेली बघून त्यांनी बाळासोला सगळं सांगितलं. कापडावर काय मांडलं होतं, काडी कुठं होती, आणि त्याला सायकलवर टांग मारताना आपण कसं नुसतं बघत राहिलो. शिव्या खायची तयारी करूनच त्या बोलल्या होत्या.

बाळासोनं अर्ध्या बांधलेल्या पट्टीकडं बघितलं. तो चिडला नाही. चिडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मावशी," तो म्हणाला, "मग मला बी म्हनायचं की, बाळासो, बस, काडी हुडकू लाग. मी बसलो असतो की वो."