चौथीच्या वर्गातली मागची भिंत

झाडेबाई गेल्याचं मला निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. सगळ्यांनी जोडलेले हात टाकले होते, मीही टाकले आणि उरलेला चहा पिऊन घेतला. त्याला आता दीड महिना झाला. तो चहा माझ्या घशाखाली कसा उतरला, याची लाज वाटते... पण लाज वाटावी असं त्याहून मोठं काम माझ्या नावावर आहे.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात मी जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक होतो आणि चौथीचा वर्ग झाडेबाईंकडे होता. परिसर अभ्यासाला मी काडीची किंमत देत नसे. धडा वाचून घ्यायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून द्यायची, झालं. त्याचा तास मी शिष्यवृत्तीच्या सरावासाठी हक्कानं मागून घ्यायचो. बाई हसून द्यायच्या आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरांना घेऊन गावात निघायच्या. पावलांनी रस्ते मोजायचे, म्हाताऱ्यांना जुन्या विहिरींचं विचारायचं, आणि सोमवारी ते सगळं वर्गाच्या मागच्या भिंतीवर रंगवायचं. दर वर्षीची पोरं त्यात भर घालत. चारेक वर्षांत अख्खं गाव भिंतीवर आलं, अगदी घरन् घर.

हातपंपांना निळे ठिपके होते. पाच ठिपके, पाचही नाल्याच्या अलीकडे. पलीकडच्या वस्तीत एकही नाही. आम्ही मोठी माणसं हे रोज पाहत होतो आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. वस्तीतली वैशाली मात्र बाईंचं बोट धरून ग्रामसभेत गेली आणि उभी राहून म्हणाली, "आमच्याकडं ठिपका काऊन नाई?"

सभा हसली, सरपंच हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं, शाळेत आता राजकारण शिकवता का म्हणून विचारलं, आणि माझं अवसान गळालं. तपासणी जवळ आली होती. ते निमित्त करून रविवारी मी पेंटर आणला, भिंत पांढरी करून घेतली आणि वर तीसपर्यंतचे पाढे लिहवले. सोमवारी पोरं भिंतीपुढे नुसती उभी. आमचं घर कुठं गेलं, असं एकेक जण विचारू लागला. मी सांगून टाकलं, बाईंनीच पुसायला लावलं.

बाई दारातच होत्या. त्यांनी ऐकलं होतं... मधल्या सुटीत त्या ऑफिसात आल्या, तेव्हा मी हजेरीपटातून मान वर काढली नाही.

"माह्यं नाव सांगतलं, असू द्या," त्या म्हणाल्या. "पण सर, पोरीनं विचारलं, हे विसरू नोका. त्याच्यासाठीच शिकवतो आपण."

मुलांना त्यांनी खरं कधीच सांगितलं नाही. पुढे माझी बदली झाली. दोन वर्षांपूर्वी हिंगणघाटच्या बसस्टँडवर भेटल्या, तर आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं आणि बस किती वाजताची आहे ते विचारलं.

शोकसभा त्याच वर्गात झाली. वैशाली आता ग्रामपंचायतीची सदस्य आहे. हातात जुनी वही घेऊन ती बोलायला उठली. "बाईनं नकाशा पुसला तवा मले लय राग आलता. चार दिवस बोलली नाई मी त्याइच्याशी. तरी बाईनंच मले वही देल्ली. म्हने, आता तू काढ." मग तिनं वही उघडून दाखवली. नाल्याच्या पलीकडे सहावा ठिपका होता, गेल्या वर्षी वस्तीत हातपंप लागला तेव्हा तिनं काढलेला.

त्यानंतर मला बोलायला सांगितलं. मी बाईंच्या वक्तशीरपणाबद्दल पाच मिनिटं बोललो आणि खाली बसलो.

माझी खुर्ची मागच्या भिंतीशीच होती. पाढे फिकटले आहेत, पण त्यांच्या खाली कोपऱ्यात पेंटरनं हौसेनं रंगवलेलं 'मुख्याध्यापक' आणि पुढचं माझं नाव अजून स्वच्छ वाचता येतं. वैशाली, एकदा जाऊन ते नाव वाच. नकाशा बाईंनी पुसला नव्हता, मी पुसला.