उंच हरभरा

हरभरा उपटायच्या दिवसांत आई दूध-भाकरी खायची. झाडावरच्या आंबेने, त्या आंबट खाऱ्या दवाने, तिची बोटं चिरायची आणि जरा तिखट लागलं की आग व्हायची. त्या हातांच्या कष्टावर मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि हैदराबादेबाहेरच्या एका संशोधन शेतावर कामाला लागलो.

नेहमीचा हरभरा जमिनीलगत पसरतो. घाटे इतके खाली लागतात की हार्वेस्टरचं पातं वरूनच निघून जातं. आमच्या मॅडमनी उंच वाण तयार केलं, वीतभर वर घाटे धरणारं. त्यासाठी त्या कित्येक हंगाम उन्हात ओणव्याने एकेक झाड मोजत फिरल्या.

आमच्या गावी ते पेरायचं की नाही, हे आईच्या हातात होतं. म्हणून कापणी बघायला मी तिला मलकपेठला माझ्या खोलीवर आणलं.

तिने मला पहाटेच उठवलं. "ऊठ की! दव आहे तवर उपटावं लागतं. उन्हात घाटे गळतेत."

शेतावर पोचलो तर हार्वेस्टरचा ड्रायव्हर निवांत चहा पीत होता.

"धूप पडने देव अम्मा. गीला रहा तो मशीन में फसता."

"ही मिशन तुझ्या धाकट्या मामासारखी दिसती," आई मला म्हणाली. "ऊन डोक्यावर आल्याबिगर उठत नाही!"

ऊन चढलं, झाडं कडकडीत झाली, मशीन निघालं.

"आता बघ, निम्मं मातीत."

धाकधूक मलाही होतीच.

टाकीत दाणे पडू लागले, पण आई तिकडे फिरकली नाही. सुगीनंतर सांडलेला सरवा वेचतात तशी ती वाकून मशीनमागे चालत गेली. पार बांधापर्यंत. परत येऊन तिने पदराची ओटी उघडली. तळाशी थोडेसे घाटे होते.

"एवढं तर आपल्या हातूनपण सांडतं," ती हळूच म्हणाली.

मग तिने मॅडमचे हात धरून उलटसुलट पाहिले. त्यांचीही बोटं चिरलेली होती.

"इचार बाईंना, त्या काय खातात ह्या दिवसांत?"

मी विचारलं. मॅडम हसल्या. "पेरुगन्नम." म्हणजे दहीभात.

"हां," आई म्हणाली. "मग बियाणं खरं आहे. दे आपल्याला."

पुढच्या सुगीत मी गावी फोन केला, तेव्हा आई जेवत होती.

"कशाशी खातेस?"

"ठेच्याशी," ती म्हणाली. "बोटं चाटून."